मदरबोर्ड बदलल्यावर जुनी हार्ड डिस्क चालेना: कुठून सुरुवात करायची

माझ्या मावसभावाचं सांगलीत डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पीसीचा एच८१ चिपसेटचा बोर्ड गेला. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा त्याने बाराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि त्याला चालणारा नवा बोर्ड घेतला, आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क तशीच जोडली. चालू केलं तर विंडोज येईना, दर वेळी थेट बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमची) स्क्रीन. दुकानातल्या मुलाने सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल." दादाचा मला फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "दादा, डिस्क काढून घे आणि कुणालाही हात लावू देऊ नकोस."

त्या डिस्कवरची एकही फाईल गेलेली नव्हती. डिस्क धडधाकट होती. नवा बोर्ड आणि जुनी डिस्क यांची चालू होण्याची पद्धत जुळत नव्हती, एवढाच घोळ होता. असेच फोन मला वरचेवर येतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहितो आहे. तुम्ही पीसी पहिल्यांदाच उघडत असाल तरी जमेल.

पण त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. डेटा दुसऱ्या ठिकाणी कॉपी होईपर्यंत जुन्या डिस्कवर काहीही लिहिलं जाईल असं बटण दाबायचं नाही. फॉरमॅट नाही, इनिशिअलाइझ (डिस्कची नव्याने आखणी) नाही, "रिपेअर करू का?" याला होकार नाही. बोर्ड बदलल्यामुळे डेटा जात नाही. तो जातो नंतरच्या अर्ध्या तासातल्या घाईत.

आधी कान आणि हात वापरा

पीसी बंद करून भिंतीवरचं बटणही बंद करा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. मग डिस्कच्या दोन्ही केबल बघा. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची रुंद पट्टी म्हणजे पॉवर, अरुंद पट्टी म्हणजे डेटा. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा. डेटा केबल जुनी असेल, तिची क्लिप तुटली असेल किंवा ती कोपऱ्यात दुमडली असेल, तर सरळ नवी घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा गावातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात साटा केबल (हीच डेटा केबल) मागितली की मिळते, आणि ती स्वस्त असते. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

आता पीसी चालू करून डिस्कला बोटं टेकवा. थोडी थरथर आणि फिरण्याचा बारीक आवाज जाणवला पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर पॉवर पोचत नाही, एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) दुसरी वायर लावून बघा. ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज येत राहिला तर लगेच बंद करा. आतलं हेड नीट वाचू शकत नसल्याची ती खूण आहे आणि प्रत्येक वेळी चालू करताना नुकसान वाढू शकतं. अशी डिस्क घरी उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही, दुसऱ्या डिस्कची हिरवी सर्किटची पट्टी काढून तिला लावायची नाही. बहुतेक डिस्कच्या पट्टीवर त्या त्या डिस्कपुरती खास माहिती साठवलेली असते, त्यामुळे नुसती पट्टी बदलून ती चालत नाही. डेटा मोलाचा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबकडेच जा. पुढचं सगळं आवाज ठीक असलेल्या डिस्कसाठी आहे.

पॉवरच्या बाबतीत एक धोका फार कमी लोक सांगतात. बोर्डासोबत एसएमपीएसही बदलला असेल आणि तो मोड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा असेल, तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलते. खाचेत बसली म्हणून वायर लावली आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, तर डिस्क त्याच क्षणी जळते. नव्या एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्या वायरीच वापरा.

डिस्क फारच जुनी असेल आणि तिला ४० पिनांची रुंद फितीसारखी केबल असेल तर ती आयडीई डिस्क. नव्या बोर्डावर तिची जागाच नसते. यूएसबी-आयडीई अडॅप्टर मिळतो, पण स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टातून ५ च मिळतात. मागच्या बाजूचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा, स्लेव्हवर असला तर बरेच अडॅप्टर डिस्क ओळखत नाहीत. साटाच्या पिढ्यांची मात्र चिंता करू नका. जुनी ३ गिगाबिटची डिस्क नव्या ६ गिगाबिटच्या पोर्टावर आपल्या वेगाने चालते.

बायोसमध्ये डिस्क दिसते का?

पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसमध्ये साटा किंवा स्टोरेज या नावाखाली जोडलेल्या डिस्कची यादी असते. तिथे तुमच्या डिस्कचं मॉडेल दिसतं का बघा. ही यादी आणि बूटची (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्याची) यादी वेगळी. नवखी माणसं नेमकी इथे गोंधळतात. बूटच्या यादीत नाव नाही म्हणून डिस्क मेली असं समजतात.

साटाच्या यादीतही नाव नसेल तर डिस्क बोर्डाच्या दुसऱ्या पोर्टात लावा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ खाच (पट्टीसारख्या एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या चिपच्या डिस्कची जागा) आणि एखाददुसरा साटा पोर्ट एकच वाट वापरतात. एम.२ खाचेत एसएसडी बसवली की तो पोर्ट आपोआप बंद होतो. कुठला पोर्ट बंद होतो ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, त्या पानापुरती तरी पुस्तिका वाचा. पोर्ट, डेटा केबल आणि पॉवरची वायर, तिन्ही बदलूनही नाव येत नसेल तर डिस्क दुसऱ्या पीसीवर लावून बघा. तिथेही दिसत नसेल तरच दोष डिस्कमध्ये आहे असं म्हणा.

दिसते, पण विंडोज सुरू होत नाही

दादाची अडचण ही होती. आणि सगळ्यात जास्त डेटा इथेच विनाकारण उडवला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुना बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि तिथला छोटा प्रोग्रॅम चालवायचा. या रचनेला एमबीआर म्हणतात. नवे बोर्ड यूईएफआय पद्धतीचे असतात. ते डिस्कवर एक खास छोटं पार्टिशन (डिस्कचा भाग) शोधतात आणि त्यातली बूट फाईल चालवतात, आणि अशी डिस्क सहसा जीपीटी पद्धतीने आखलेली असते. विंडोज ७ च्या काळात असेंबल केलेल्या पीसीत ते खास पार्टिशन बहुधा नसतंच. पुढे तोच पीसी विंडोज १० वर अपग्रेड केला असला तरी डिस्कची आखणी जुनीच राहते. त्यामुळे नवा बोर्ड डिस्क ओळखतो, पण तिच्यावरून सुरू कसं व्हायचं हे त्याला सापडत नाही.

यावर सीएसएम नावाची सोय असते. ती चालू केली की यूईएफआय बोर्ड जुन्या बायोससारखा वागतो. पण इंटेलच्या ५०० मालिकेपासूनच्या बोर्डांवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालत असेल, तर हा पर्याय चालत नाही, फिकट दिसतो. दादाकडे ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणजे ती वाट बंद. तुमच्याकडे कार्ड असेल तर आधी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा, मग सीएसएम चालू करून बघा. ही सेटिंग बदलल्याने डिस्कवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे करून बघायला हरकत नाही.

दुसरी वाट म्हणजे डिस्कची आखणीच बदलणं. विंडोज १० च्या २०१७ सालच्या १७०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन विंडोजमध्येच दिलं आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करून, शिफ्ट आणि एफ१० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीतून ते चालवता येतं. नाव इंग्रजीत सलग टाईप करायचं, "टू"च्या जागी २ हा आकडा. आधी व्हॅलिडेट हा पर्याय देऊन नुसती तपासणी करायची, ती पार पडली तरच कन्व्हर्ट. डेटा जागेवर राहतो, तरी बॅकअपशिवाय मी हे कुणालाही करू देत नाही.

आपल्याकडच्या पीसींत इथे हमखास एक अडथळा येतो. आपले असेंबलवाले डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार भाग पाडून देतात, आणि विंडोज स्वतःसाठी एक लहानसा भाग वेगळा काढते. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशन चारच बसतात, म्हणून शेवटचे भाग एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल म्हणून ठेवलेले असतात. हे साधन तीनपेक्षा जास्त प्रायमरी किंवा एकही लॉजिकल भाग असेल तर सरळ नकार देतं. दादाच्या डिस्कवर नेमकं तेच होतं. लॉजिकल भाग पुसून वाट मोकळी करा, असे सल्ले मिळतात. त्या भागात डेटा असतो, पुसू नका. जुनं विंडोज ३२ बिटचं असेल तर हा खटाटोपच सोडा. ६४ बिट यूईएफआय बोर्डावर सीएसएमशिवाय ते सुरूच होत नाही.

विंडोजचा लोगो येतो आणि लगेच निळी स्क्रीन येते, तिच्यावर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" किंवा जुन्या विंडोजवर शेवटी ७बी असलेला क्रमांक दिसतो, असं होत असेल तर कारण वेगळं आहे. जुना बोर्ड, समजा जी३१ किंवा जी४१, डिस्कशी आयडीई पद्धतीने बोलत होता आणि नवा एएचसीआय पद्धतीने बोलतो. बायोसमध्ये "साटा मोड" या ठिकाणी रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) किंवा आरएसटी (इंटेलची तशीच सोय) असेल तर एएचसीआय करा. विंडोज १० असेल तर दोन-तीनदा बूट फसल्यावर ते दुरुस्तीच्या पानावर जातं. तिथून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, मग सेफ मोड. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की योग्य ड्रायव्हर लागू होतो आणि पुढच्या वेळी ते सरळ सुरू होतं. विंडोज ७ ला नव्या बोर्डावर बसवायच्या फंदात पडू नका. त्याच्याकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, त्यामुळे कीबोर्ड-माऊससुद्धा चालत नाहीत.

माझा सल्ला: जुन्या डिस्कवरून पीसी सुरू करूच नका

नव्या बोर्डावर लहान का होईना, नवी एसएसडी घ्या, तिच्यावर कोरं विंडोज टाका आणि जुनी डिस्क फक्त डेटासाठी जोडा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे प्रोसेसर पात्र असेल तर सरळ ११ टाका. दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर रोजची सिस्टीम चालवण्यात शहाणपण नाही. वेग तर नाहीच, भरवसाही नाही.

इन्स्टॉल करताना एक पथ्य पाळा. जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवा. नाहीतर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, पार्टिशनच्या यादीत घाईत चुकीची डिस्क निवडली जाते. दोन, विंडोज एसएसडीवर बसतं, पण त्याच्या बूट फाईली जुन्या डिस्कवर जाऊन बसू शकतात. मग सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवं विंडोजही सुरू होत नाही आणि कारण काही केल्या सापडत नाही. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल आणि बोर्ड इंटेलचा असेल तर बायोसमधला व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळण्याची सोय) हा पर्याय बंद करून बघा.

लायसन्सबद्दल थोडक्यात: पीसीसोबत आलेलं ओईएम विंडोज जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं. ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये "हार्डवेअर नुकतंच बदललं" असा पर्याय येतो.

विंडोज सुरू झालं, आता जुनी डिस्क जोडा

पीसी बंद करून केबल लावा आणि चालू करा. बहुतेक वेळा फाईल एक्सप्लोररमध्ये नवी अक्षरं येतात आणि डेटा समोर दिसतो. दिसला नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा.

तिथे डिस्क आहे, भाग निळे दिसतात, पण अक्षर नाही, असं असेल तर त्या भागावर राइट क्लिक करून ड्राइव्ह लेटर द्या. "ऑफलाइन" लिहिलेलं असेल तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. "फॉरेन" असेल तर ती डायनॅमिक डिस्क (विंडोजची वेगळ्या प्रकारची आखणी) आहे, इम्पोर्ट हा पर्याय वापरा. यात डेटा पुसला जात नाही.

"नॉट इनिशिअलाइझ्ड" किंवा "फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही" असा संदेश आला तर मात्र कॅन्सल. पार्टिशनचा तक्ता वाचता आला नाही एवढाच त्याचा अर्थ. आत डेटा असू शकतो. केबल बदलून पुन्हा बघा. जुन्या पीसीत दोन डिस्कची रेड केलेली होती का, तेही आठवा. रेडमधली एकटी डिस्क दुसऱ्या बोर्डाला बऱ्याचदा अशीच अनोळखी दिसते.

ड्राइव्हवर कुलूप दिसलं तर ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये) होती आणि बोर्डासोबत ती गेली. आता ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने जुन्या मशीनवर साइन इन होता त्याच खात्यात रिकव्हरी कीच्या पानावर ती सापडते का बघा. विंडोज ११ च्या कित्येक मशीनवर हे कुलूप मालकाला न कळत लागलेलं असतं. म्हणून बोर्ड अजून बदलायचा असेल तर आधी बिटलॉकर बंद किंवा सस्पेंड करा आणि की कागदावर लिहून ठेवा. एएमडीच्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करू का, वाय की एन, असा प्रश्न येतो. की हातात नसेल तर एन दाबा.

जुन्या युजरचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका. नव्या विंडोजवर तुम्ही तेच नाव दिलं असलं तरी विंडोज माणूस नावाने ओळखत नाही, आतल्या क्रमांकाने ओळखतं, आणि तो क्रमांक आता वेगळा आहे. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून कंटिन्यू दाबा आणि थांबा. फाईली जास्त असतील तर परवानग्या बदलायला बराच वेळ लागतो.

कॉपी आधी, तपासणी नंतर

डेटा दिसला रे दिसला की कॉपी सुरू करा, आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. घरचे फोटो, टॅलीचं डेटा फोल्डर, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स. सिनेमे सगळ्यात शेवटी.

डीटीपीवाल्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खं कॉपी करा. श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये नसतात. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तोच फॉन्ट नसेल तर "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि माणूस समजतो की फाईल करप्ट झाली. दादाही तसंच समजला होता. जुने फॉन्ट बसवले आणि पंधरा वर्षांपूर्वीची पत्रिका जशीच्या तशी उघडली, तेव्हा तो फोनवर काही क्षण बोललाच नाही. डीटीपी सॉफ्टवेअरचं लॉक (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टात लावायची किल्ली) प्रिंटर पोर्टाचं असेल तर नव्या बोर्डावर तो पोर्ट आहे का, हेही बोर्ड घेण्याआधीच बघा.

कॉपी झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन टाकून डिस्कची तब्येत बघा. चार ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट बघणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. यांचे आकडे शून्याच्या वर असतील आणि दिवसागणिक वाढत असतील तर डिस्कवर विसंबू नका. चौथी ओळ सी७. ती एकटीच वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. मुळात हे आकडे सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवले जातात, सेटिंगमधून दशमान करून घ्या, नाहीतर १० हा आकडा १६ असतो आणि लक्षात येत नाही.

कॉपी करताना एखाद्या फाईलवर सगळं अडकलं तर तासन्‌तास वाट बघू नका, ती फाईल वगळून पुढे जा. अशी अडकणारी डिस्क विंडोजच्या चेकडिस्क या साधनाला आर पर्याय लावून दुरुस्त करायला जाऊ नका. चेकडिस्क दमलेली डिस्क अख्खी वाचते आणि वर तिच्यावर लिहितेही. लिनक्स येत असेल तर उबंटूच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं, आणि कुठवर आलो त्याची नोंद ठेवतं. मधे वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं.

कॉपी केलेल्या जागेवरून पाच-पंचवीस फाईली उघडून बघा, वेगवेगळ्या फोल्डरांतल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. मग जुनी डिस्क काढा, नव्या बोर्डासोबत आलेल्या करड्या पिशवीत घाला आणि वर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर काय आहे आणि कोणत्या तारखेला कॉपी केलं ते लिहा. निदान दोन महिने ती तशीच राहू द्या. विसरलेलं एखादं फोल्डर हमखास त्यातच निघतं. दादाला सहाव्या आठवड्यात एका शाळेच्या स्मरणिकेची फाईल हवी झाली, ती एफ ड्राइव्हवर होती.